कागद, काच आणि थरथरता हात

हाताला कंप सुटल्याचं मला पहिल्यांदा कळलं ते मांजराच्या मिशा काढताना. लहान मुलांच्या एका पुस्तकाचं काम चाललं होतं. मिशी ही एका दमात काढायची गोष्ट आहे. टाक शाईत बुडवायचा, दौतीच्या काठाला टेकवून जास्तीची शाई गाळायची आणि गालापासून बाहेर रेघ सोडून द्यायची. त्या दिवशी रेघ निघाली, पण मध्येच दोन ठिकाणी लचकली. मला वाटलं कागदात खडा असेल. बोट फिरवून पाहिलं. कागद गुळगुळीत होता. दुसरी मिशीही तशीच आली. मग मी टाक खाली ठेवला आणि हात समोर धरून पाहिला. नुसता धरलेला हात जवळजवळ स्थिर होता. टाक पुन्हा उचलला, की बोटं आपली आपण हलायला लागायची.

मी मूळची अकोल्याची. चित्रकला शिकायला पुण्यात आले, लग्न केलं आणि इथलीच झाले. बिबवेवाडीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत खिडकीला लागून माझं टेबल आहे. त्या टेबलावर इतकी वर्षं मी मुलांच्या पुस्तकांसाठी ससे, कावळे, आज्या, बैल, भूतं काढत आले. टाक, काळी शाई आणि जलरंग, एवढंच माझं सामान. दुसरं काही मला येत नाही, आणि यावं असंही कधी वाटलं नव्हतं.

घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी. नवरा बँकेतून निवृत्त झालेला, कसबा पेठेत वाढलेला, त्यामुळे बोलणं मोजकं आणि तिरकं. भाची अकोल्याहून नोकरीसाठी पुण्यात आली होती. हडपसरला एका कंपनीत संगणकावरचे खेळ तयार करतात, तिथे ती खेळांमागचे देखावे रंगवते: डोंगर, जंगलं, पडके किल्ले, आभाळ. जवळ घर मिळेपर्यंत राहते म्हणून ती आमच्याकडे आली, आणि मग घर शोधणं तिनंही सोडलं आणि आम्हीही कधी आठवण करून दिली नाही.

मिशांचं प्रकरण मी काही दिवस कोणाला सांगितलं नाही. पण चहाचा कप बशीवर वाजायला लागला, तेव्हा नवऱ्यानं पेपरमधून मान वर न करता विचारलं, "डॉक्टरांकडे कधी जायचं?"

डॉक्टरांनी माझे हात पाहिले, मला चालायला लावलं, बोटानं नाक शिवायला लावलं आणि मग एक कोरा कागद पुढे सरकवून म्हणाले, "एक चकली काढा. मध्यापासून बाहेर. हात टेबलाला टेकवायचा नाही."

मी आयुष्यभर चित्रं काढली, पण त्या चकलीइतकी काळजीपूर्वक एकही काढली नसेल. ती करवतीच्या पात्यासारखी दातेरी आली. डॉक्टर ती उजेडाकडे धरून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, की तुम्हाला ज्या कंपवाताची भीती वाटतेय तो हा नाही. हा कंप हात कामाला लागला की येतो, हात स्वस्थ बसला की जातो. पुष्कळदा घराण्यात असतो. मला एकदम वडील आठवले. म्हातारपणी त्यांच्या हातातली आमटीची वाटी हिंदकळायची आणि आम्ही सगळे ते वयाच्या खात्यावर टाकून मोकळे व्हायचो. डॉक्टरांनी गोळी दिली. तिनं कंप कमी होईल, पण हात पूर्वीसारखा होईलच असं नाही, असंही सांगितलं. शेवटी म्हणाले, शक्यतो बारीक काम टाळा.

"हिचं सगळं कामच बारीक आहे," नवरा म्हणाला. "जाड काम घरात मी करतो."

त्या आठवड्यात भाचीनं आपला जुना टॅब माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्याच्याबरोबर एक पांढरं पेन होतं, त्यात शाई नसते. मी म्हटलं, मला हे जमणार नाही. ती म्हणाली, "मावशी, जमवायचं नाहीये. फक्त एक रेघ मारून बघ."

मारली. काच निसरडी होती. ओल्या फरशीवर पाय ठेवल्यासारखं पेन पुढे सटकलं, आणि रेघ माझ्या चकलीच्या जातीचीच आली. भाचीनं स्क्रीनच्या कडेला एक छोटी पट्टी उघडली, तिच्यावरचं बटण बोटानं वर सरकवलं आणि म्हणाली, आता पुन्हा. या वेळी गंमत झाली. पेनाच्या टोकाला रेघ लगेच उमटेना. ती जरा मागून आली, दाव्याला बांधलेलं वासरू ओढत आणावं तशी. मी पुढे, ती मागे. आणि आली ती सरळ, निवळ, एका दमातली. ही रेघ मी ओळखत होते. ती माझीच होती, काही वर्षांपूर्वीची.

मी दुसरी मारली, तिसरी मारली. मग मांजर काढलं आणि मिशा काढत बसले. भाची कधी खोलीतून निघून गेली तेही मला कळलं नाही.

नंतर तिनं समजावून सांगितलं, की पेन जिथे जिथे जातं त्या सगळ्या जागा यंत्र लक्षात घेतं, त्यांची सरासरी काढतं आणि मधला रस्ता धरून रेघ ओढतं. बटण जितकं वर, तितकी सरासरी लांबची. मला ते ऐकून जरा विचित्रच वाटलं. म्हणजे माझा हात डावीउजवीकडे जे काही भटकत होता, त्याच्या मधोमध कुठेतरी मला जायचं होतं ती वाट होती, आणि ती या यंत्राला कळत होती.

मी ते मांजराचं पुस्तक टॅबवर करायचं ठरवलं. टेबलावरचं सामान एका बाजूला सरकवलं, तरी हाताच्या सवयी तशाच राहिल्या. जलरंगाचा पहिला थर दिला की तो वाळेपर्यंत थांबायचं, ही माझी अंगात मुरलेली सवय. टॅबवर निळा रंग भरला आणि मी त्यावर फुंकर घातली. भाची दारात उभी होती. ती तोंडावर हात ठेवून आत गेली. दुसऱ्या एका दिवशी आभाळाचा रंग खालच्या बाजूला ओघळावा म्हणून मी टॅब उचलून तिरपा केला. रंग जागचा हलला नाही, उलट अख्खं चित्रच गरकन फिरून आडवं झालं. कागद तिरपा केला की पाणी खाली जातं, हे ज्ञान तिथे काही उपयोगाचं नव्हतं.

मात्र दुसऱ्या बाजूनं भाचीचंही तसंच चाललं होतं. माझं टेबल अर्धं रिकामं झालेलं पाहून ती सुट्टीच्या दिवशी तिथे येऊन बसायला लागली. रंगांच्या वड्या, ब्रश, पाण्याचा मग, जाड खरखरीत कागद. लहानपणी शाळेत हात लावला असेल तेवढाच. नंतर कॉलेजात आणि नोकरीत सगळं संगणकावर. पहिलाच डाग तिला हवा तिथे पडला नाही. तिनं दोन बोटं कागदावर टेकवली. टॅबवर दोन बोटं टेकवली की शेवटचं काम पुसलं जातं. कागदावर नुसते तिच्या बोटांचे दोन ओले ठसे उमटले.

"यात मागं कसं जायचं?" तिनं विचारलं.

"जाता येत नाही."

"मग चुकलं तर काय करतेस?"

मी काय करते, याचा मी कधी विचारच केला नव्हता. थोडं आठवून म्हटलं, "त्याचं काहीतरी होऊ देते. ढग, झुडूप, नाहीतर कुत्रं."

तिला सगळ्यात नवल वाटलं ते ओल्यावर ओला रंग सोडल्याचं. पिवळ्या थराच्या कडेला तिनं निळ्याचा एक थेंब टेकवला आणि हात मागे घेतला. निळा आपला आपण पसरत गेला, त्याला बारीक फांद्या फुटल्या, मध्ये हिरवट धुकं झालं आणि कडेला एक गडद रेघ साठून राहिली. ती गुडघे खुर्चीवर घेऊन त्यावर वाकून बसली होती. म्हणाली, ऑफिसात असं दिसायला हवं असेल तर मला संगणकाला एकेक गोष्ट सांगावी लागते, कडा किती फुटू दे, कागदाचा दाणा किती दिसू दे. इथं मी काहीच सांगितलं नाही. वाळल्यावर रंग फिका झाला तेव्हा मात्र तिला फसवल्यासारखं वाटलं. संगणकावर जो रंग लावला तोच राहतो. मी तिला सांगितलं, की ओला रंग नेहमी जरा वाढवून बोलतो, ते धरूनच लावायचा.

मांजराचं पुस्तक पूर्ण झालं. संपादकांना मी चित्रं मेलवर पाठवली. ते माझ्याच वयाचे गृहस्थ, आम्ही बरीच पुस्तकं एकत्र केलेली. त्यांचा लगेच फोन आला. चित्रं फार आवडल्याचं त्यांनी सांगितलं, आणि मग म्हणाले, "इतक्या वर्षांत तुमची रेघ जराही बदललेली नाही."

मी आभार मानले. फोन ठेवल्यावर नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "हे कौतुक होतं का तक्रार?"

मला तो प्रश्न उगाच चिकटून राहिला. म्हणून असेल, पण भाचीनं त्या संध्याकाळी जे दाखवलं ते मी जास्तच लक्ष देऊन पाहिलं. टॅबवर काढलेलं चित्र सुरुवातीपासून परत बघता येतं, हे मला माहीत नव्हतं. आपण काढत असताना यंत्र सगळं साठवत असतं. तिनं मांजराचं पहिलं पान उघडलं आणि ते चालू केलं. कोऱ्या पानावर आपोआप रेघा यायला लागल्या. कान आला, पाठ आली, शेपूट आली. माझा हात कुठेच दिसत नव्हता, फक्त त्याचं काम दिसत होतं, भराभर.

मग मिशा आल्या. एक मिशी आली आणि गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. तिथेच, तशीच. कितीतरी वेळा. मी भाचीला थांबवायला सांगितलं, आणि आम्ही तो तुकडा मागेपुढे करून पाहिला. पहिली मिशी चांगली होती. दुसरीही चांगली होती. शेवटी ठेवलेली मिशी आणि पहिली मिशी यांत मला स्वतःलाही फरक सांगता येईना. मग मी बाकीच्या पुसल्या कशाला? कागदावर मी पहिलीच ठेवली असती, कारण दुसरा इलाज नव्हता. इथे इलाज होता, म्हणून मी तो करत बसले होते.

आणखी एक गोष्ट मला त्यात दिसली. खरं म्हणजे दिसली नाही ती. कागदावर काम करताना थर वाळेपर्यंत मी उठते. कुकर लावते, दोरीवरचे कपडे काढून आणते, कोणाशी तरी फोनवर बोलते. परत येताना खोलीच्या दारातूनच चित्र नजरेस पडतं आणि त्यातलं काय चुकलंय ते बसायच्या आतच कळतं. टॅबवर वाळायचं काही नव्हतं, त्यामुळे मी उठलेच नव्हते. सगळी चित्रं मी हातभर अंतरावरून काढली होती, आणि पानं शेजारी ठेवल्यावर लक्षात आलं, की सगळ्या पानांवर मांजर तितक्याच अंतरावर बसलं होतं. संपादकांच्या ते लक्षात आलं नव्हतं. मुलांच्याही येणार नाही कदाचित. मला मात्र ते फार नवलाचं वाटलं, की रंग वाळायला लागणारा वेळसुद्धा माझ्या चित्रांत काहीतरी काढत होता.

दुसऱ्या दिवशी भाची ऑफिसला गेल्यावर मी टॅब घेऊन बसले, ती पट्टी उघडली आणि बटण अगदी खाली आणलं. सरासरी बंद. मग एक लांब रेघ मारली आणि दोन बोटांनी ती मोठी मोठी करत नेली. माझ्या डोक्यात माझा कंप म्हणजे काहीतरी फाटकं, ओबडधोबड होतं. स्क्रीनवर दिसलं ते वेगळंच. साडीला पिको करतात तशी ती रेघ एकसारखी नागमोडी होती. लाटेमागे लाट, जवळजवळ सारख्या उंचीची. हात चुकत नव्हता. तो एका ठरलेल्या तालात हलत होता. वडिलांच्या वाटीतली आमटीही याच तालात हिंदकळत असेल का, असं मनात येऊन गेलं.

मग मला चाळाच लागला. छोट्या रेघा मारून पाहिल्या, मोठ्या मारून पाहिल्या. बोटांनी काढलेल्या बारीक रेघेत लाट ठळक दिसायची. मनगटानं काढलेल्या रेघेत कमी. उभं राहून, खांद्यापासून हात फिरवून टॅबच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली, तर लाट शोधावी लागायची. हे मला कागदावर कधीच समजलं नसतं, कारण कागदावर मी घाबरून टाक खाली ठेवून दिला होता. यंत्रानं माझा कंप मला मोठा करून दाखवला आणि मी पहिल्यांदा त्याच्याकडे भीती सोडून पाहिलं.

जेवताना मी हे सगळं नवऱ्याला सांगत होते. बोलता बोलता मलाच आठवलं, की चमचा हलतो, पण वरणाचं भरलेलं पातेलं उचलताना हात हलत नाही. पोह्याची डिश थरथरते, लोखंडी तवा थरथरत नाही.

"मग चित्रं झाऱ्यानं काढ," तो म्हणाला.

त्याला हसायचं नव्हतं आणि मलाही हसू आलं नाही. हातात जड काही असलं की कंप दबतो, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं होतं. मग तोच म्हणाला, "ब्रशला वजन लावता येईल."

कसबा पेठेतली तांबट आळी त्याच्या लहानपणीची. रिक्षा बाहेरच सोडून आम्ही गल्लीत चालत शिरलो. घडवलेल्या भांड्यांवर ठोके पडत होते, त्यामुळे बोलायचं ते कानाशी जाऊन बोलावं लागत होतं. नवऱ्याच्या ओळखीच्या एका कारागिरानं माझा ब्रश हातात घेऊन फिरवून पाहिला. उदबत्तीच्या घरासारखी नळी हवी आहे, असं त्याला आधी वाटलं होतं. नवऱ्यानं समजावलं, की नळी ब्रशच्या दांड्यावर बसायला हवी, बोटं धरतात तिथे, आणि जितकी जड होईल तितकी चांगली. कारागिरानं मला विचारलं, "जेवताना पण हलतो का हात?" मी हो म्हटलं. "मग एक चमच्यासाठी पण करून ठेवतो," तो म्हणाला. आणि खरंच दोन केल्या.

तांब्याची ती नळी बोटभर लांबीची, जाड, कडा घासून गोल केलेल्या. ब्रशवर चढवली की ब्रश एकदम कोणीतरी मोठं माणूस झाल्यासारखा वाटायचा. मी खिडकीशी उभी राहिले, मोठा कागद फळीवर लावला आणि काळ्या शाईत ब्रश बुडवून एक वळण काढलं. कंप गेला नव्हता. पण तो मंद झाला होता, लाटा लांब झाल्या होत्या. रेघ पूर्वीसारखी चपळ नव्हती, भारी पायांनी चालल्यासारखी होती. मला ती आवडली की नाही ते कळायला वेळ लागला. पण ती मी पूर्वी कधी पाहिली नव्हती, एवढं नक्की.

भाची संध्याकाळी घरी आली तेव्हा मी तिला नळी दाखवली. तिनं ती लगेच टॅबच्या पेनावर चढवून पाहिली. आम्हाला दोघींनाही वाटलं होतं, की आता सोन्याहून पिवळं. वजन पण आहे आणि सरासरी पण आहे. पण पेन काचेला टेकवलं तर रेघ तुटक तुटक यायला लागली. नळी अजून खाली सरकवली तर पेन मेलंच. स्क्रीनला ते दिसेचना. वर सरकवली की पुन्हा जिवंत. आम्ही लहान मुलींसारख्या कितीतरी वेळ ती नळी खालीवर करत बसलो होतो. मग भाचीनं कुठेतरी वाचून काढलं, की पेनाच्या टोकातून काचेला सतत एक बारीकसा संकेत जात असतो, आणि तांबं मध्ये आलं की तो तिथेच अडतो.

"म्हणजे तांबं कागदाला चालतं आणि काचेला चालत नाही," मी म्हटलं.

"कागदाला काय, काहीही चालतं," ती म्हणाली. "कागद बघतच नाही हातात काय आहे ते."

तिचं ते वाक्य मला बरोबरही वाटलं आणि नाहीही. ब्रश हलका आहे का जड, कोरडा आहे का भिजलेला, हे कागदाला चांगलं कळतं. त्याला फक्त रेघ सुधारता येत नाही. ती येईल तशी तो ठेवून घेतो. काचेला माझ्या मनातलं काहीतरी कळतं, निदान तसा तिचा दावा असतो, पण वजन नावाची गोष्ट तिला ठाऊकच नाही.

पुढचं पुस्तक एका म्हशीचं होतं. ती तळ्यात जाऊन बसते आणि कोणी कितीही बोलावलं तरी बाहेर येत नाही, एवढीच गोष्ट. मी एकच पान दोनदा काढलं. एक टॅबवर, बटण वर करून. दुसरं मोठ्या कागदावर, उभी राहून, तांब्याची नळी चढवलेल्या जाड ब्रशनं. म्हशीचं अंग दोन-तीन फटकाऱ्यांत झालं. पाण्यासाठी मात्र ब्रश जड पडायला लागला. मी तो ठेवला, बऱ्याच दिवसांनी टाक उचलला, नळीशिवाय, आणि म्हशीभोवती बारीक आडव्या रेघा मारल्या. हात जसा जात होता तसा जाऊ दिला.

ती दोन्ही पानं घेऊन मी स्वतः संपादकांकडे गेले. आधी त्यांना हाताबद्दल सांगितलं. मांजराच्या मिशा कशा झाल्या होत्या तेही सांगितलं. ते ऐकून घेत होते. सहानुभूतीचं काहीतरी बोलतील म्हणून मी मन घट्ट केलं होतं, पण त्यांनी दोन्ही पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि चष्मा कपाळावर चढवून वाकून बघायला लागले. टॅबवरची म्हैस नीटस होती. कागदावरची म्हैस जड होती, तिला बाहेर काढायला खरोखर गाव लागलं असतं.

"हे पाणी कशानं काढलंत?" त्यांनी विचारलं.

"टाकानं. हात हलतो ना, त्यानंच."

त्यांनी पुन्हा पाहिलं. जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. मग म्हणाले, "हे पाणी मला हवंय." थोडं थांबून त्यांनी व्यवहारी शंका काढली, "पण म्हैस जरा डावीकडे घ्या म्हटलं, तर?"

"नवी म्हैस काढावी लागेल."

त्यावर ते हसले आणि आम्ही मधला रस्ता काढला. म्हैस, पाणी आणि आभाळ कागदावर, वेगवेगळं काढायचं. ते स्कॅन करून पानांची मांडणी संगणकावर करायची. म्हशीच्या पाठीवर बसणारा बगळा, चतुर, गवताची पाती आणि लांबवर ओरडणारी माणसं, एवढं बारीक काम टॅबवर करायचं. घरी येऊन मी तसंच केलं. मांडणीचं काम भाचीनं शिकवलं. सुरुवातीला मी कागदावरची म्हैस स्क्रीनवर बोटानं सरकवायला बिचकत होते. ती इतकी ओली आणि जड दिसायची, की बोट लावलं तर डाग पडेल असं वाटायचं. मग सवय झाली. म्हैस डावीकडे घेतली, उजवीकडे घेतली आणि शेवटी जिथे होती तिथेच आणून ठेवली.

पुस्तक छापून आलं तेव्हा कोणती रेघ कशानं काढलेली आहे हे सांगणारं त्यात काहीच नव्हतं. नवऱ्यानं सगळी पानं बारकाईनं पाहिली आणि म्हशीनं बाहेर न येण्याचा निर्णय योग्यच घेतला, एवढं मत दिलं. गोळी मी घेते. कधी हात बरा असतो, कधी नसतो. सकाळी उठल्यावर आधी एक रेघ मारून बघते आणि त्यावरून ठरवते, की आज कागद का काच.

अलीकडेच एके दिवशी भाचीनं मला विचारलं, की टेबलाखालच्या खोक्यातले चिटोरे ती घेऊ शकते का. रंग लावण्याआधी मी ब्रश ज्यांवर पुसून, टेकवून बघते ते तुकडे. मी ते फेकायचेच ठेवलेले असतात, फक्त फेकायचं राहून जातं. त्यांवर काही चित्र नसतं. निळ्याचे, मातकट तपकिरीचे डाग, सुकत आलेल्या ब्रशचे ओरखडे, पाण्याचे वाळलेले काठ. घे म्हटलं. तिनं ते सगळे स्कॅन केले, ऑफिसला नेले आणि पुढे बरेच आठवडे त्याबद्दल काही बोलली नाही.

मग एका रविवारी दुपारी तिनं आपला लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. नव्या खेळातला तिनं रंगवलेला भाग तयार झाला होता. अजून बाहेर आलेला नाही, पण घरी दाखवायची तिनं परवानगी घेतली होती. स्क्रीनवर पहाट होती. एक डोंगराची सोंड, खाली दरी, दरीत धुकं. मी धुक्याकडे बघत राहिले. त्याच्या कडेला वाळलेल्या पाण्याची गडद रेघ होती आणि आत कागदाचा खरखरीत दाणा होता. तो दाणा मी कुठेही ओळखला असता.

"बाणाच्या बटणांनी चालता येतं," भाची म्हणाली.

मी बटण दाबलं. हात जरा हलत होता, त्यामुळे खेळातलं माणूसही अडखळत चाललं. वाट डोंगराच्या कडेनं वर जात होती. मी वाट सोडली आणि उतारावरून धुक्याच्या दिशेनं खाली निघाले. जवळ जाऊ तसा तो डाग मोठा होत गेला, ब्रशच्या केसांच्या खुणा एकेक दिसायला लागल्या.

"मावशी, तिकडे काही नाहीये," भाची म्हणाली. "खेळ या बाजूला आहे."

मी तिला थांब म्हटलं आणि आणखी थोडी खाली गेले. तो रंग कुठपर्यंत गेलाय ते मला बघायचं होतं.